दवाखान्याच्या बाकावरचा तास

दवाखान्याच्या बाकावर माणसाचा जो तास जातो तो कोणाच्या हिशेबात धरायचा, हा आजचा आमचा विषय आहे. वैद्यकातले आम्हांला काही कळत नाही, आणि ज्यांना कळते त्यांच्या कामात ढवळाढवळ करण्याची इच्छाही नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, रात्री. परंतु घड्याळ हा आमच्या धंद्यातला विषय आहे, आणि तेवढ्याच अधिकाराने आम्ही बोलणार आहोत.

या देशातल्या कामगार चळवळीचा आरंभच मुळी वेळेच्या भांडणातून झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून ज्या मागण्या पुढे केल्या त्या पाहा. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. या तिन्ही मागण्या निव्वळ वेळेच्या. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा, हीही मागणी त्यांच्यातच होती. रविवारची सुटी पदरात पडायला १८९० चा जून उजाडावा लागला. पुढे १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टाने आठवड्याचे ४८ तास ठरवले. म्हणजे कामावरचा वेळ मोजून द्यायला आणि मोजून घ्यायला आपण शिकलो. आजारपणातला वेळ मोजायला मात्र अजून शिकलो नाही.

आमच्या या पट्ट्यातल्या कारखान्यांत तर वेळ सेकंदावर आला आहे. हातात स्टॉपवॉच घेतलेला माणूस लाइनवर उभा राहतो आणि एक नट आवळायला किती सेकंद लागले ते कागदावर टिपतो. दोन सेकंद वाढले तर सुपरवायझर विचारायला येतो. तोच कामगार अंगात ताप घेऊन दवाखान्यात गेला की त्याच्या चार तासांविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. तास तेच, माणूस तोच; फक्त वेळ वाया गेल्याचे नुकसान आता मालकाचे नसून त्याचे स्वतःचे असते.

थेरगावची वस्ती कशी आहे हे इथे बसलेल्यांस सांगायला नको. डांगे चौकातून एक रस्ता हिंजवडीला जातो, दुसरा चिंचवडला. गणेशनगर, सोळा नंबर, काळेवाडी फाटा या भागांत खोल्या घेऊन राहिलेली माणसे लातूर, बीड, सोलापूर, विदर्भ इथून आली, आणि आता बिहार-उत्तर प्रदेशातूनही येतात. कोणी भोसरीला, कोणी चाकणला कामाला. बायका आजूबाजूच्या सोसायट्यांत धुणीभांडी आणि स्वयंपाकाला. रुग्णालये म्हणाल तर तीही कमी नाहीत. गावातच महापालिकेचे नवे थेरगाव रुग्णालय आहे, पिंपरीला यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, चिंचवडच्या मोहननगरात विमा कामगारांचे रुग्णालय आहे, आणि ज्याची ऐपत आहे त्याला गावातलेच बिर्ला रुग्णालय आहे. तेव्हा दवाखाना दूर आहे ही आमची तक्रार नाही. दारापर्यंत माणूस अर्ध्या तासात पोचतो. दाराच्या आत गेल्यावर दिवस जातो.

यापुढे जे वर्णन करतो ते कोणा एका रुग्णालयाचे नव्हे. सोलापूरला जा, नाशिकला जा, चित्र हेच दिसेल. पहिली रांग केसपेपरची. दुसरी डॉक्टरच्या खोलीबाहेरची. डॉक्टरांनी रक्त किंवा लघवी तपासायला सांगितली की तिसरी. औषधाच्या खिडकीची चौथी. आजार एक आणि रांगा चार. शिवाय या रांगांचे आपसांत बोलणे नसते. केसपेपरची खिडकी साडेबारापर्यंत उघडी, पण रक्त घेणारा माणूस अकराला नमुने बंद करतो. मग साडेअकराला डॉक्टरांकडून बाहेर पडलेल्याने काय करायचे? त्याने उद्या यायचे. उद्या नमुना द्यायचा, परवा रिपोर्ट घ्यायचा, तो दाखवायला पुन्हा पहिल्या रांगेत उभे राहायचे.

ठेकेदाराकडच्या माणसाला ‘उद्या या’ याचा अर्थ एक खाडा. आमच्याकडे आलेल्या एका तरुणाची हकीकत सांगतो. प्रेस शॉपमध्ये हेल्पर होता. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी अंग गरम. पहिल्या दिवशी त्याला थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे सांगितला, पण दोन्हींची वेळ संपली होती. दुसऱ्या दिवशी नमुना दिला. एक्स-रेला नंबर लागला नाही. तिसऱ्या दिवशी एक्स-रे झाला, पण डॉक्टर निघून गेले होते. तीन खाडे झाले, महिन्याचे हजेरी बक्षीस गेले, आणि चौथ्या दिवशी येशील तर दुसरा माणूस ठेवतो असे ठेकेदाराने सांगितले. तो चौथ्या दिवशी कामावर गेला. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणली. दोन महिन्यांनी थुंकीत रक्त दिसले तेव्हा पुन्हा आला. तोवर एका दहा बाय दहाच्या खोलीत बायको आणि दोन वर्षांचे मूल त्याच्याजवळ झोपत होते. क्षयाचे औषध सरकार फुकट देते, आणि ते नेमाने घेतले तर साधा क्षय सहा महिन्यांत बरा होतो. त्याला औषध मिळाले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. औषध तिथेच होते. मध्ये बाक होता.

कोणी म्हणेल, फुकट मिळते तर थोडे थांबायला काय होते? हे म्हणणे आम्ही चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. त्यांच्यासाठी हिशेब मांडू. हेल्परचा रोज सहाशे रुपये धरा. एका खाड्याचे सहाशे, रिक्षा-बसचे चाळीस-पन्नास. गल्लीतला खाजगी डॉक्टर रात्री नऊ वाजता दीडशे-दोनशे रुपयांत तपासतो, एक इंजेक्शन टोचतो आणि दहा मिनिटांत मोकळे करतो. म्हणजे ‘फुकट’ दवाखाना या माणसाला तिपटीने महाग पडतो. कामगाराला सुईची आवड आहे, त्याला सरकारी औषधावर विश्वास नाही, असे लोक म्हणतात. आमच्या मते त्याला बेरीज-वजाबाकी येते, एवढाच त्याचा अर्थ.

विमा कामगाराची गोष्ट तर आणखी वेगळी, कारण त्याला काहीच फुकट नसते. ही योजना १९४८ च्या कायद्याने आली, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली, आणि १९५४ साली मुंबईत पोचली. १ जुलै २०१९ पासून पगाराच्या शेकडा पाऊण टक्का कामगाराने आणि सव्वातीन टक्के मालकाने भरायचे असे ठरले. पैसे पगार हातात पडण्याआधीच कापले जातात. पैशांना रांग नसते. आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, ही या योजनेची मोठी देणगी होय, आणि ती मिळवून देण्यासाठी ज्यांनी झगडा केला त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण त्याच कायद्यात एक लहानसे कलम होते. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळणार नाही. त्याला नावही ‘प्रतीक्षा काळ’ असेच. खोटे आजार थांबवावेत हा त्यामागचा हेतू. आता विचार करा: जो माणूस नुसता तपासून घ्यायला, गोळ्या आणायला, रिपोर्ट दाखवायला जातो त्याचा एकेकच दिवस मोडतो. हे दिवस तुटक असतात, म्हणून ते भत्त्यात कधी बसलेच नाहीत. मोठ्या आजाराला विमा होता. रांगेला विमा नव्हता. १९४८ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, तेव्हा हा प्रश्न नव्याने विचारायला हीच वेळ बरी.

आता रांग होते कशी, हे समजून घेतले पाहिजे. ‘गर्दी फार, म्हणून रांग’ असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. या गोष्टीचे शास्त्र आहे, आणि त्याचा जन्म दवाखान्यात नसून टेलिफोनच्या कचेरीत झाला. डेन्मार्कमधील एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी हे गणित मांडायला सुरुवात केली. किती ग्राहकांमागे किती तारा ठेवल्या म्हणजे माणसाला ताटकळावे लागणार नाही, हा त्याचा प्रश्न. त्यातून पुढे जो हिशेब निघाला तो मोठा डोळे उघडणारा आहे.

एक डॉक्टर, एका रुग्णाला सरासरी पाच मिनिटे. रुग्ण केव्हाही येतात, कोणाला दोन मिनिटे लागतात तर कोणाला दहा. आता डॉक्टरांचा निम्मा वेळ कामात आणि निम्मा मोकळा जात असेल, तर आलेल्याला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. डॉक्टर शंभरातली ८० मिनिटे कामात असतील तर थांबणे २० मिनिटांचे होते. ९० मिनिटे कामात असतील तर ४५. आणि ९५ मिनिटे कामात असतील तर ९५ मिनिटे! पाहा, डॉक्टरांचे काम ९० वरून ९५ वर गेले, म्हणजे अगदी थोडे वाढले. रुग्णाचे थांबणे दुपटीच्या वर गेले. डॉक्टरांची शेवटची पाच मोकळी मिनिटे वाचवण्याची किंमत बाकावरचा प्रत्येक माणूस पाऊण-पाऊण तासाने भरतो. आणि येणारे रुग्ण तपासण्याच्या ताकदीहून जास्त झाले तर गणित हात टेकते: रांग वाढतच जाते, ती फक्त खिडकी बंद झाल्याने तुटते.

कारखान्यातल्या माणसाला हे पटकन समजते. मशीन शंभर टक्के भरून ठेवले की त्याच्यामागे मालाचे ढीग साचतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. म्हणून जपानी पद्धतीने चालणारे कारखाने ढीग साचूच देत नाहीत. पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल पाठवायचा नाही. लोखंडाच्या तुकड्याला ताटकळत ठेवणे हा ज्या गावात तोटा समजला जातो, त्याच गावात माणसांचा ढीग साचलेला आपल्याला खुपत नाही.

दवाखान्याच्या रांगेचा स्वतंत्र अभ्यास इंग्लंडात नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने केला आणि १९५२ साली प्रसिद्ध केला. त्या देशात १९४८ साली सर्वांना मोफत औषधोपचार सुरू झाले होते, आणि बाह्यरुग्ण विभाग भरून वाहत होते. त्याने दाखवले की सगळ्यांना एकाच वेळी बोलावण्याची जी रीत होती ती डॉक्टर क्षणभरही रिकामे बसू नयेत यासाठी होती. उपाय साधा: सुरुवातीला दोघांना बोलवा, म्हणजे एक आत, एक तयार, त्यानंतर सरासरी तपासणीला जितकी मिनिटे लागतात तितक्या अंतराने एकेकाला बोलवा.

याचा अर्थ काय होतो तो आम्ही पाटीवर मांडून पाहिला. चाळीस रुग्ण, प्रत्येकी पाच मिनिटे. सगळ्यांना नऊला या म्हणून सांगितले. पहिला लगेच आत जातो, दुसरा पाच मिनिटे थांबतो, तिसरा दहा. चाळिसावा सव्वातीन तास. सगळ्यांचे थांबणे एकत्र केले तर ३,९०० मिनिटे, म्हणजे ६५ तास. आठ तासांची पाळी धरली तर आठ माणसांच्या आठ भरलेल्या पाळ्या एका सकाळी, एका खोलीबाहेर संपल्या. आता बेलीच्या रीतीने बोलवा. प्रत्येकाला पाच-दहा मिनिटे थांबावे लागेल. तपासणी काही काट्यावर चालत नाही म्हणून आणखी थोडी वाढवा. तरी ६५ तासांचे फार तर दहा-पंधरा तास होतील. आणि डॉक्टर? ते दोन्ही प्रकारांत बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारासच उठतात. त्यांचे एक मिनिटही जास्त जात नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे मिळते की आपले लोक वेळ पाळत नाहीत. हे आम्हांला मुळीच पटत नाही. सकाळी सहा-पाचला डांगे चौकात उभे राहून पाहावे. कंपनीची बस दोन मिनिटे थांबते आणि माणसे तिच्या आधी हजर असतात, कारण बस कितीला येणार हे त्यांना ठाऊक असते. दवाखाना त्यांना वेळ देतच नाही. तो फक्त नंबर देतो.

नंबर आणि वेळ यांत फरक आहे. डेव्हिड मेस्टर नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकाने १९८५ साली ताटकळण्याविषयी एक निबंध लिहिला. किती थांबायचे हे ठाऊक नसले की तेच थांबणे लांब वाटते, आणि का थांबलो हे कळले नाही तर आणखी लांब, असे त्याने त्यात मांडले. आमच्याकडच्या बायकांना हे सांगायला अमेरिकेची गरज नाही. सातवा महिना भरलेली बाई, कडेवर एक मूल. तिला तहान लागली तरी ती नळापर्यंत जात नाही, कारण तेवढ्यात नाव पुकारले गेले तर? मुतारीला जाण्याचीही तिला भीती. डॉक्टर राउंडला गेले आहेत, साडेदहाला येतील, एवढी एक ओळ खडूने फळ्यावर लिहिली तर ती बाई अर्धा तास पाय सोडून बसेल. खडूला किती खर्च येतो? पण फळ्यावर योजनांची नावे असतात, वेळ नसते. पुकारणाऱ्याचा आवाज पंख्यात विरतो, वृद्धांस ऐकू येत नाही, बिहारकडच्या पोराला आपल्या नावाचा मराठी उच्चार ओळखू येत नाही. मग सगळेजण दाराशीच उभे राहतात, आणि त्यांस ‘गर्दी करू नका’ म्हणून ओरडणारा एक माणूस नेमावा लागतो.

डॉक्टरांवर हे सारे ढकलणे आम्हांला मान्य नाही. २०१७ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ६७ देशांची पाहणी आली होती. डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतात? बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे. आणि जगातली सुमारे निम्मी लोकसंख्या ज्या देशांत राहते, ज्यांत आपणही आलो, तिथे पाच मिनिटे किंवा कमी. म्हणजे तीन तास थांबून आत गेलेल्याला तीन मिनिटेही मिळतील याची खात्री नाही. ती तीन मिनिटे देणारा डॉक्टर सकाळपासून पाण्याला उठलेला नसतो. रिकाम्या जागा भरल्या नाहीत तर वेळापत्रकाने चमत्कार होणार नाही, हे वरच्या गणितातच आले. कामगाराने डॉक्टरवर हात टाकल्याचे प्रसंग घडतात, त्यांचा आम्ही निषेधच करतो. बाकाच्या दोन्ही बाजूंचे लोक थकलेले कामकरीच आहेत.

सुधारणा होतच नाहीत असेही नव्हे. ऑक्टोबर २०२२ पासून मोबाइलवर चौकोनी खूण टिपून केसपेपरचा नंबर घेण्याची सोय केंद्र सरकारने आणली, आणि ती पुष्कळ ठिकाणी आली आहे. तिने पहिली रांग आखूड झाली. पण पहिल्या रांगेतून लवकर सुटलेला माणूस दुसऱ्या रांगेत लवकर जाऊन बसतो. रांगेने जागा बदलली. याहून महत्त्वाची गोष्ट आमच्या मते १ मे २०२३ ची. त्या दिवशी राज्यभर ‘आपला दवाखाना’ सुरू झाला, आणि त्याची वेळ दुपारी २ ते रात्री १० अशी ठरली. कामगार दिनाला कामगाराच्या सोयीची वेळ, हा योग चांगला जुळला. जनरल शिफ्टचा माणूस साडेपाचला सुटतो. त्याला खाडा न करता जाता येईल असा हा दवाखाना. तिथे डॉक्टर रात्री दहापर्यंत खरोखर असतात की नाही, हे आपण जाऊन पाहिले पाहिजे, आणि नसतील तर विचारले पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बाकावरचे सगळे आजारी असतात असे नाही. रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे कितीतरी लोक फक्त त्याच गोळ्या पुन्हा घ्यायला आलेले असतात. पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या तर वर्षाला चोवीस रांगा. महिन्याच्या दिल्या तर बारा. ज्याचा रक्तदाब ताब्यात आहे त्याला दोन महिन्यांच्या दिल्या तर सहा. एकही नवा डॉक्टर न नेमता अठरा रांगा कमी झाल्या, आणि त्या जागी खोकल्याचा हेल्पर बसू शकतो. किती दिवसांच्या गोळ्या द्याव्यात हे डॉक्टरांनी ठरवावे. पण खिडकीवर साठा कमी म्हणून आठवड्याच्याच मिळत असतील तर ते वैद्यकाचे कारण नव्हे.

मग आपण काय करावे? आम्ही सुचवतो की मोजावे. जॉन लिटल या अमेरिकन गणितज्ञाने १९६१ साली एक नियम सिद्ध केला. तो इतका साधा आहे की पाटी-पेन्सिल पुरे. बाकावर आपल्यापुढे किती माणसे आहेत ती मोजा. तासाला किती आत जातात ते मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. साठ माणसे, तासाला वीस आत जातात, म्हणजे तीन तास. एवढे कळले की थांबायचे की संध्याकाळी यायचे, हे माणसाला ठरवता येते. आणि हाच आकडा शंभर दिवसांचा झाला की महापालिकेच्या सभेत तो आवाज न चढवता मांडता येतो. ‘फार वेळ लागतो’ या तक्रारीला आजवर एकच उत्तर मिळत आले आहे, की ‘पाहतो’. आकड्याला तसे उत्तर देणे जरा अवघड जाते.

त्यासाठी प्रत्येक वस्तीत एक साधी दोनशे पानी वही करावी. नाव लिहू नये, आजार तर मुळीच लिहू नये. तो ज्याचा त्याला. केसपेपरच्या रांगेत उभे राहिल्याची वेळ, डॉक्टरांच्या खोलीत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, औषध हातात पडल्याची वेळ, असे चार रकाने आखावेत. पाचव्या रकान्यात त्या दिवशीचा रोज बुडाला की नाही ते लिहावे, आणि बुडाला असेल तर किती.